ग्रँट संपल्यावर कोड कोण सांभाळणार?

शिकागोतल्या एका प्रयोगशाळेत अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत तपासले जात. थेट मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडांतून येणाऱ्या त्या रेषा पडद्यावर पाहायला विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण परवाना एकच. त्या परवान्याची किल्ली म्हणजे संगणकाला जोडायचा एक छोटासा डाँगल. विद्यार्थी, डॉक्टर आणि संशोधक पाळीपाळीने तो वापरत. यातून मार्ग काढायला जॉन हंटर या मज्जाविज्ञानाच्या संशोधकाने स्वतःचं साधन लिहायला घेतलं. आधी मॅटलॅबमध्ये आणि ते अपुरं पडू लागल्यावर पायथनमध्ये. त्यातला आलेख काढणारा भाग म्हणजे मॅटप्लॉटलिब. २००३ मध्ये हंटर यांनी तो सर्वांसाठी खुला केला.

आज पायथन शिकणारा विद्यार्थी पहिला आलेख बहुधा मॅटप्लॉटलिबनेच काढतो. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगाने पाहिलं, त्यामागच्या कामातही ते होतं. पण हंटर यांनी ते पाहिलं नाही. जुलै २०१२ मध्ये त्यांनी सायपाय परिषदेत बीजभाषण केलं, घरी परतल्यावर कॅन्सरचं निदान झालं आणि उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे २८ ऑगस्टला, वयाच्या ४४व्या वर्षी ते गेले. निदान आणि मृत्यू यांच्यात काही आठवड्यांचंच अंतर होतं.

मॅटप्लॉटलिब थांबलं नाही. जाण्यापूर्वी हंटर यांनी मायकेल ड्रोएटबूम यांना मुख्य विकासक नेमलं होतं. हे शक्य झालं ते त्या काही आठवड्यांमुळे नव्हे. ड्रोएटबूम कित्येक वर्षं त्या कोडवर काम करत होते, त्याचे आडकोपरे त्यांना माहीत होते. वारस आधीपासून तयार होता; नेमणूक तेवढी राहिली होती.

वैद्यकीय संशोधनासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर टिकवायचं कसं, या प्रश्नाची सुरुवात इथूनच करायला हवी. एरवी चर्चा सुरू होते ती पैशांपासून. पैसा लागतोच, त्याचं पुढे बोलू. पण पैसा असूनही बंद पडलेली सॉफ्टवेअर पुष्कळ असतात, आणि त्यांच्या बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ज्याने लिहिलं तो पीएच.डी. पुरी करून गेला. आपल्याकडे संशोधन प्रकल्पाची मुदत साधारण तीन वर्षांची. प्रकल्पावर नेमलेला तरुण त्याआधीच दुसरी नोकरी शोधू लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मागे उरतो तो कोड, एक शोधनिबंध आणि ‘हे आता चालत नाही, काय करू?’ असं विचारणाऱ्या परक्या संशोधकांच्या ईमेल.

न चालण्याचं कारण कोडमध्ये असेलच असं नाही. पायथन २ या भाषेचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्या भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदललं नव्हतं, तरी ती हळूहळू निकामी होत गेली, कारण खालची जमीन सरकली. दुसरीकडे एखाद्या आजाराच्या रुग्णांचा मागोवा दहा-वीस वर्षं घेतला जातो. साधन तीन वर्षांचं आणि अभ्यास वीस वर्षांचा, हा मेळ कुणीतरी मुद्दाम घालावा लागतो.

म्हणून पुण्या-मुंबईच्या एखाद्या लॅबमध्ये किंवा परदेशातल्या विद्यापीठात असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या वर्षीच एक चाचणी करून पाहावी. मूळ लेखकाने एक दिवस गप्प बसायचं. दुसऱ्या कुणीतरी, फक्त लिहून ठेवलेल्या सूचना वाचून, नव्या संगणकावर कोड उतरवायचा, बांधायचा, टेस्ट चालवायच्या आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची. जिथे तो अडेल तिथे लेखकाने तोंडी उत्तर द्यायचं नाही. अडलेली जागा टिपून घ्यायची आणि संध्याकाळी ती सूचनांत लिहायची. पहिल्या खेपेला हा दिवस फार निराश करणारा जातो. अमुक एक फाइल फक्त लेखकाच्या लॅपटॉपवर आहे, तमुक लायब्ररीची जुनीच आवृत्ती लागते पण तसं कुठे लिहिलेलं नाही, असं एकेक बाहेर येतं. पण याच दिवसातून दुसरा माणूस घडतो.

त्याचबरोबर किल्ल्या मोजाव्यात. गिटहबवरचा कोड वैयक्तिक खात्यात आहे की गटाच्या? पायथनच्या पॅकेज-भांडारात नवी आवृत्ती चढवण्याचा अधिकार किती जणांकडे आहे? संकेतस्थळाचं नाव कुणाच्या क्रेडिट कार्डावर दरवर्षी नूतन होतं? ही सगळी खाती संस्थेच्या ईमेल पत्त्याला जोडलेली असतील, तर संस्था सोडल्यावर तो पत्ता बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची वाटही त्याच्याबरोबर जाते. गटाचं खातं काढायला अर्धा तास लागतो. निदान दोन माणसांकडे, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या संस्थांतल्या माणसांकडे, पूर्ण अधिकार असावेत.

अर्थात दुसरा माणूस म्हणजे वाटेवरचा कुणीही नव्हे. एक्सझेड हे फाइली आकसवणारं छोटं सॉफ्टवेअर लिनक्सच्या जगात सर्वत्र वापरलं जातं. एकच थकलेला माणूस ते सांभाळत होता. एका अनोळखी नावाने मदतीच्या मिषाने दोनेक वर्षं विश्वास कमावला, सहमेंटेनरचा अधिकार मिळवला आणि त्यात चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये ती सापडली, तीही एका अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याची शंका आली म्हणून. तेव्हा अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत. आधी बग तपासण्याचा, मग कोड स्वीकारण्याचा, शेवटी आवृत्ती काढण्याचा. ज्याला अधिकार द्यायचा त्याच्याशी समोरासमोर, निदान पडद्यावर तरी बोलणं झालेलं असावं. जिथे रुग्णांची माहिती जवळ असते तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

आता परवाना. हा भाग कंटाळवाणा म्हणून टाळला जातो आणि सर्वांत महाग पडतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा असतो. म्हणजे लॅबमध्ये पगारावर लिहिलेला कोड लेखकाने आपल्या मनाने खुला केला तर त्याचं खुलेपण कच्च्या पायावर उभं राहतं. संस्थेची लेखी परवानगी काम सुरू होतानाच घ्यावी. त्या वेळी कोडला बाजारात किंमत नसते आणि सही सहज मिळते. नाव झाल्यावर हीच सही मिळवायला सहा जणांच्या टेबलांवरून फाइल फिरते.

परवाना कुठला निवडावा, यावर मतभेद आहेत. तरी ‘फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी’ असं कलम घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं जीएटीके हे जनुकक्रम तपासण्याचं सॉफ्टवेअर काही वर्षं कंपन्यांना पैसे भरूनच वापरता येत होतं. जानेवारी २०१८ मध्ये आलेली चौथी आवृत्ती मात्र बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुली झाली. बिगरव्यावसायिक अटीमागचा हेतू समजण्यासारखा असतो. आपल्या कष्टावर दुसऱ्याने पैसे का कमवावेत, ही भावना खोटी नाही. पण या अटीमुळे खाजगी रुग्णालयातला संशोधक, छोटी स्टार्टअप, लिनक्सचं वितरण करणारे गट, सगळेच बिचकतात, आणि यांच्यातूनच पुढचे मेंटेनर यायचे असतात. कंपनीला वापरू द्यावं म्हणजे तिलाही ते जिवंत राहण्यात स्वारस्य उरतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारं आयटीके. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने व्हिजिबल ह्यूमन प्रकल्पात एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या मृतदेहाचे अतिशय बारीक काप घेऊन त्यांची छायाचित्रं उपलब्ध केली. ती पाहण्यासाठी, त्यांतले अवयव वेगळे करण्यासाठी आणि एका स्कॅनवर दुसरा बसवण्यासाठी साधन हवं होतं. १९९९ मध्ये लायब्ररीने तीन कंपन्या आणि तीन विद्यापीठं यांना मिळून हे काम दिलं. सहा ठिकाणची माणसं, कुणी विंडोजवर, कुणी युनिक्सवर. सगळ्यांच्या संगणकांवर एकच कोड बांधता यावा म्हणून यातल्या किटवेअर या कंपनीने सीमेक नावाचं वेगळं साधन तयार केलं. आज सी++ मधली असंख्य सॉफ्टवेअर सीमेकने बांधली जातात. ती बांधणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की त्याचं मूळ वैद्यकीय प्रतिमांच्या एका सरकारी कामात आहे.

आयटीकेने आणखी एक शिस्त पहिल्यापासून पाळली. रोज रात्री प्रत्येक गटाचे संगणक ताजा कोड उतरवून बांधायचे, टेस्ट चालवायचे आणि निकाल एका सार्वजनिक फलकावर मांडायचे. सकाळी कुणाच्या बदलामुळे काय मोडलं ते सगळ्यांना दिसायचं. अशी व्यवस्था तेव्हा उभारायला मेहनत लागली. आता गिटहबसारख्या सेवा हेच काम खुल्या प्रकल्पांना फुकट करून देतात, त्यामुळे छोट्या लॅबला सबब उरलेली नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे क्वचितच लक्ष जातं: आयटीकेचा कॉपीराइट सहा संस्थांत विखुरलेला ठेवला नाही. तो आधी एका ना-नफा संस्थेकडे होता आणि आता नमफोकस या ना-नफा संस्थेकडे आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांत जॉन हंटरही होते. देणग्या घेणं, हिशेब ठेवणं, करार करणं ही कामं ती प्रकल्पांच्या वतीने करते. चार जणांच्या गटाला स्वतःची संस्था नोंदवून दरवर्षी लेखापरीक्षण करणं जमत नाही. अशा छत्राखाली जाणं सोपं. भारतात फॉस युनायटेड खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना अनुदानं देते. मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प शिक्षणात अशा सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तिथून मेंटेनर मिळाला नाही तरी शिकलेले विद्यार्थी नक्की भेटतील.

पैशांचा मुद्दा इथे येतो. ग्रँट देणाऱ्यांना नवं काही हवं असतं, आणि ‘जुनं चालू ठेवतो’ असं लिहिलेला अर्ज मागे पडतो. हे चित्र गेल्या दशकभरात थोडं बदललं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने माहिती-तंत्रज्ञानाच्या आपल्या योजनेत सॉफ्टवेअरचे टप्पे पाडले: नवी कल्पना, सुरुवातीचा विकास, प्रगत विकास आणि नंतर फक्त टिकवण्यासाठीचा निधी. २०१९ मध्ये चान झुकरबर्ग संस्थेने विज्ञानाला आवश्यक असलेल्या खुल्या सॉफ्टवेअरसाठी वेगळी अनुदानं सुरू केली, आणि ती देखभाल, दस्तऐवज, समुदाय-बांधणी यांसाठीच होती. अशा योजनांत अर्ज करताना सॉफ्टवेअर किती डाउनलोड झालं या आकड्यावर विसंबू नये. ते नसतं तर कुठले अभ्यास अडले असते, हे नावानिशी दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी वापरणाऱ्या गटांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी. अर्जाच्या आदल्या रात्री ती तयार होत नाही.

देखभालीचा वेगळा निधी मिळाला नाही तरी एक मार्ग उरतो, आणि तो थ्रीडी स्लायसरने दाखवला. १९९८ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून, एका विद्यार्थ्याच्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमांवर काम करतं: ट्यूमरची सीमा आखणं, शस्त्रक्रियेचा बेत करणं, हाडाचं त्रिमितीय प्रारूप बनवणं. २००४ मध्ये त्याला अमेरिकेच्या एका राष्ट्रीय केंद्राचा आधार मिळाला. ते केंद्र कायमचं नव्हतं, तरी स्लायसर आजही नव्या आवृत्त्या काढतो. कारण तोवर तो अनेकांच्या कामाचा पाया झाला होता. अमेरिकेतले वेगवेगळे प्रकल्प, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातला गट, किटवेअर, यांपैकी प्रत्येकजण आपल्या कामासाठी पैसे मिळवतो आणि त्यातला थोडा वेळ मूळ कोडवर खर्च करतो. एखाद्या नळाचं पाणी आटलं तरी हौद कोरडा पडत नाही.

यातून छोट्या लॅबने घ्यायचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटतो: शक्य असेल तिथे स्वतंत्र सॉफ्टवेअर काढूच नये. स्लायसरमध्ये कुणालाही आपलं एक्स्टेंशन जोडता येतं. मेंदूतल्या तंतूंचे मार्ग काढणारं स्लायसर-डीएमआरआय, प्रतिमेच्या साहाय्याने सुया आणि उपकरणं नेण्यासाठीचं स्लायसर-आयजीटी ही त्यांतली दोन. फाइल वाचणं, पडद्यावर दाखवणं, विंडोज-मॅक-लिनक्सवर चालणं ही सगळी उस्तवार मुख्य गट करतो; लॅबने फक्त आपली नवी पद्धत लिहायची. वर्षातून दोनदा भरणाऱ्या प्रकल्प-सप्ताहात ही मंडळी एकत्र बसून कोड लिहितात. तिथे भाषणं थोडी आणि लॅपटॉप उघडे असतात. दुसरा माणूस शोधायला अशी जागा दुसरी नाही. स्वतःच्या नावाचा लोगो मिळत नाही हे खरं, पण पाच वर्षांनी काम चालू असतं.

हाच न्याय दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घेऊन त्यात बदल करणाऱ्यांना लागू होतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी इथे जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे. तिथल्या गरजांतून ‘बहमनी’ हे रुग्णालयांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर आकाराला आलं. ते शून्यातून लिहिलेलं नाही. रुग्णांच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि साठा-बिलांसाठी ओडू अशी तयार साधनं त्यात एकत्र बांधली आहेत. त्यातल्या ओपनएमआरएसची सुरुवात २००४ च्या सुमारास झाली, इंडियानातले संशोधक केनियातल्या एल्डोरेट इथे एचआयव्हीच्या रुग्णांवर काम करत होते तेव्हा. केनियात दुरुस्त झालेला बग गनियारीत आपोआप दुरुस्त व्हायचा असेल तर एक पथ्य पाळावं लागतं: आपण केलेली सुधारणा मूळ प्रकल्पाकडे परत पाठवायची. कोडची वेगळी प्रत काढून तिच्यात शंभर बदल केले की ती प्रत आपली एकट्याची होते, आणि तिची देखभालही.

टेस्टकडे परत वळू, कारण वैद्यकीय संशोधनात चूक म्हणजे पडद्यावर वाकडा दिसणारा आलेख नव्हे. २०१६ मध्ये आंडर्स एकलुंड आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या एफएमआरआय विश्लेषणातली तीन लोकप्रिय सॉफ्टवेअर तपासली. ४९९ निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या स्कॅन्समधून त्यांनी सुमारे ३० लाख तुलना केल्या. खोटा निष्कर्ष निघण्याचं प्रमाण ५ टक्के असायला हवं होतं. काही पद्धतींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेलं. मुख्य दोष गणिती गृहीतकांचा होता. पण या तपासात एएफएनआय या सॉफ्टवेअरच्या एका भागात पंधरा वर्षं पडून असलेला बगही सापडला, आणि तो मे २०१५ मध्ये दुरुस्त झाला. कोड खुला होता म्हणून तो सापडू शकला. मात्र पंधरा वर्षं खुला असूनही तो तसाच राहिला, हेही तितकंच खरं. कुणीतरी पाहील, या भरवशावर राहू नये. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा डेटावर दर आवृत्ती तपासावी.

आवृत्तीचा आकडा नोंदवणंही असंच. फ्रीसर्फर हे मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं सॉफ्टवेअर. २०१२ मधल्या एका अभ्यासात तेच स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढले, तेव्हा पाचव्या आवृत्तीतलं आकारमान आधीच्या आवृत्त्यांपेक्षा सरासरी ८.८ टक्क्यांनी वेगळं आलं. अल्झायमरच्या रुग्णाचा मेंदू वर्षभरात किती आक्रसला हे मोजणाऱ्याने मधेच सॉफ्टवेअर बदललं, तर तो आजार मोजतोय की आवृत्ती, ते सांगता येणार नाही. सांभाळणाऱ्यांनी म्हणून जुनी आवृत्तीही उतरवता येईल अशी ठेवावी, आणि कुठल्या बदलामुळे आकडे बदलतील ते बदलांच्या यादीत सर्वांत वर लिहावं. वापरणाऱ्यांनी एक अभ्यास सुरू असेपर्यंत आवृत्ती बदलू नये. बदललीच तर सगळे जुने स्कॅन पुन्हा काढावेत.

लिहिलेलं नसण्याची किंमत मार्च २०२० मध्ये सगळ्या जगाने पाहिली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या कोविडविषयीच्या प्रारूपाने ब्रिटनच्या धोरणावर मोठा परिणाम केला. त्याचा कोड तेरा-चौदा वर्षांपूर्वी फ्लूच्या साथीसाठी सी भाषेत लिहिलेला, हजारो ओळींचा आणि जवळजवळ विनादस्तऐवज होता, हे प्रा. नील फर्ग्युसन यांनी स्वतःच जाहीर सांगितलं. मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबच्या अभियंत्यांच्या मदतीने तो साफ करून एप्रिलअखेर खुला करण्यात आला. पुढे केंब्रिजचे स्टीफन एग्लेन यांनी स्वतंत्रपणे तो चालवून अहवालातले मुख्य निष्कर्ष तसेच येतात हे दाखवलं. म्हणजे कोड टिकला होता, उत्तरंही जुळत होती. पण सर्वांत गरजेच्या त्या आठवड्यांत कुणाला तो वाचता आला नाही, आणि तेवढ्यात अविश्वास पसरायचा तो पसरला.

टेस्टसाठी डेटा लागतो, आणि इथे भाबडेपणाला जागा नाही. नाव-गाव पुसलं म्हणजे स्कॅन निनावी झाला, असा समज पुष्कळांचा असतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. ८४ पैकी ७० जण बरोबर ओळखले गेले. तेव्हा खुल्या भांडारात खऱ्या रुग्णाची फाइल, ‘नमुना’ म्हणूनही, ठेवू नये. एकदा कोडच्या इतिहासात गेलेली फाइल नुसती डिलीट केल्याने जात नाही. इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि तोवर किती जणांनी प्रती उतरवल्या ते कळत नाही. कृत्रिम रुग्णांच्या नोंदी तयार करणारं सिंथिया, संशोधनासाठी खुले केलेले कर्करोगाच्या प्रतिमांचे आणि मेंदूच्या स्कॅन्सचे संग्रह, हे पर्याय हाताशी आहेत.

एक छोटी पण आवश्यक पाटी प्रत्येक अशा सॉफ्टवेअरवर असावी: हे संशोधनासाठी आहे, रुग्णाचं निदान किंवा उपचार ठरवण्यासाठी नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचाही समावेश आहे. लॅबमधलं साधन वॉर्डात वापरलं जाऊ लागलं तर नियम बदलतात, जबाबदारी बदलते. तिकडे जायचं असेल तर ठरवून, वेगळ्या तयारीनिशी जावं.

आता श्रेयाचं. मेंटेनर टिकत नाहीत त्याचं एक मोठं कारण पगाराइतकंच हे आहे: बढतीच्या फॉर्मवर बग दुरुस्त केल्याचा रकाना नसतो. त्यावर काही उपाय आता सोपे झालेत. ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे नियतकालिक २०१६ पासून सॉफ्टवेअरचंच परीक्षण करून छोटा निबंध छापतं आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. युरोपातल्या सर्न या संस्थेच्या झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. कोडबरोबर उद्धरणाची एक छोटी फाइल ठेवली की संदर्भ कसा द्यायचा ते गिटहबच दाखवतं. लॅबप्रमुखांनी निदान एवढं करावं की दरवर्षीच्या लेखकांच्या यादीत नुसते पहिले निर्माते नव्हे, तर त्या वर्षी देखभाल करणारेही असतील. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पदनाम रूढ करण्याची मोहीम सुरू झाली आणि अनेक विद्यापीठांत तशी पदं आज आहेत. आपल्या संस्थांत ते पद निर्माण व्हायला वेळ लागेल. तोवर प्रकल्पाच्या अर्जात मनुष्यबळाच्या ओळीत त्या कामाचे महिने वेगळे दाखवावेत. ‘इतर खर्च’ या डब्यात देखभाल लपवली की कपातीत ती पहिली जाते.

आणि कधीकधी थांबायचं असतं. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये वेन रासबँड यांनी १९८७ च्या सुमारास मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहिलं. ते एकाच प्रकारच्या संगणकाशी बांधलेलं होतं. तेच ताणत बसण्याऐवजी त्यांनी १९९७ मध्ये जावामध्ये इमेजजे नव्याने सुरू केलं, इतरांना प्लगइन्स लिहिता येतील अशी सोय ठेवली, आणि कोड कुणाच्याही मालकीचा ठेवला नाही. पुढे दुसऱ्या गटांनी त्यावर फिजी उभारलं, आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पेशी मोजणारे आज त्याच घराण्यातलं साधन वापरतात.

सॉफ्टवेअर बंद करायचं ठरलं तर ते असं करावं. किमान सहा महिने आधी पहिल्या पानावर तशी सूचना द्यावी. वापरणाऱ्या गटांच्या यादीतल्या प्रत्येकाला ईमेल लिहून, कुणाला पुढे न्यायचं आहे का, हे विचारावं. कुणी पुढे आलं तर वर सांगितलेली एका दिवसाची चाचणी त्यांच्याबरोबर करावी. कुणी आलं नाही तर माहीत असलेले सगळे बग लिहून शेवटची आवृत्ती काढावी, झेनोडोवर तिची प्रत ठेवावी, सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात कोड जतन झाल्याची खात्री करावी आणि भांडार फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवावं. सूचनेत तीन गोष्टी असाव्यात: शेवटची आवृत्ती कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तपासली, त्याऐवजी आता काय वापरावं, आणि जुन्या अभ्यासातले आकडे पुन्हा काढायचे असतील तर कुणाला विचारावं. त्या शेवटच्या ओळीत एक नाव आणि चालू राहणारा पत्ता लिहावा. संस्थेने दिलेला पत्ता शक्यतो नको.